मागची खुर्ची

लिलाव पुकारणाऱ्याला बोली लावणाऱ्यांची मनापासून किळस यायची. मोडक्या कपाटाकडे ढुंकूनही न बघणारी ही माणसं, शेजाऱ्याने हात वर केला की त्याच कपाटासाठी जीव टाकायची. नुसती मेंढरं!

बोली अडली की तो शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करायचा. "मागून पाच हजार!" वळून बघण्याइतकी अक्कल त्यांच्यातल्या एकालाही नव्हती.

आजही त्याने तेच केलं. पुढच्या रांगेतला जाड्या लगेच "सहा" म्हणाला.

"मागून सात," शेजारी बसून बोली लिहून घेणारी त्याची ताई म्हणाली.

त्याने पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. "मी कुठे बोट केलं?" तो पुटपुटला.

"त्यांनी हात वर केला की."

जाड्याने माघार घेतली. उद्या तेच कपाट पुन्हा पुकारता येईल, असा विचार करून पुकारणाऱ्याने हातोडा आपटला. हमालांनी कपाट उचलून नेलं.

"मागून आठ," ताई म्हणाली.

"अगं, कपाट गेलं! आता बोली कशावर?"

ताईने नंबराची एक चिठ्ठी फाडली. समोरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, ओरखडे शोधावेत तशी. जाड्याने हात वर केला. "नऊ."

ताई उठली. तिने ती चिठ्ठी त्याच्या कोटावर चिकटवली आणि त्याचंच रोजचं वाक्य त्याच्याच सुरात म्हटलं, "नीट बघून घ्या, मंडळी. मागाहून तक्रार चालणार नाही."