दोनशे बाराव्या दुव्याची पट्टी

कॅन्सरचं औषध ज्याच्या त्याच्या गाठीला बेतून बनायला लागलं, तेव्हापासून नातेवाईकही तक्ते वाचायला शिकले होते. कमलाकर ढमढेऱ्यांना ते त्यांच्या बायकोच्या डॉक्टरने, मृणालनेच शिकवलं होतं. गाठीतल्या प्रथिनाचा एकेक दुवा औषधाला किती धरतो, ते पट्ट्या दाखवतात. पट्टी जितकी खाली, तितकी पकड घट्ट.

"मॅडम, दोनशे बारावा दुवा बघा, पार तळाला टेकलाय," ते खुशीत म्हणाले. "तक्ता सकाळी फोनवर आला तेव्हाच बघितला. हिला आता उतार पडणार."

तक्ता यायला आठवडा लागतो, म्हणून मृणालने नुसती पकडीची एकूण बेरीज बघून औषधावर सही केली होती. बेरीज उत्तम होती.

कमलाकरांची हयात मंडप घालण्यात गेली होती. त्यांचं बोट तक्त्याच्या कागदावरून शेजारच्या पट्ट्यांकडे सरकलं. त्या सगळ्या नखाएवढ्या होत्या. बोट थांबलं.

"सगळा ताण एकाच खुंट्यावर आहे की हो," ते हळू आवाजात म्हणाले. "असा मंडप मी कधी कुणाला घालून दिला नाही. हा खुंटा निघाला तर?"

मृणालने रक्ताचा आजचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. औषध चुकवायला गाठीने आठ दिवसांत एकच दुवा बदलला होता.

त्यांनी चष्मा लावून त्या दुव्याचा आकडा वाचला. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तिला तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "मी सकाळीच तिला ही पट्टी दाखवून बसलोय."