तारेवरचे ठिपके

या मायबाप हो, असे जवळ सरका. देवाच्या दारी आवाज पोचायला तार लागत नाही, पण माणसाच्या दारी लागते. त्या तारेचीच एक शंभर शब्दांची गोष्ट सांगतो.

सैन्यात संदेशाच्या तारा ओढून निवृत्त झालेला एकजण रुग्णालयात नोकरीसाठी आला. इंजिनिअरबाईंनी दिवसभर काम करून दाखवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत फोनच्या तारा नेटक्या बसल्या, पण टोकांच्या पट्ट्यांवर नावांऐवजी नुसते ठिपके होते. “काका, तारेला तीट लावलीत?” बाई हसल्या. “शत्रूच्या हाती लागली तरी कुठे जाते ते कळू नये म्हणून.” “इथे कुठला शत्रू? उद्या तुम्ही रजेवर असताना बाळंतिणींच्या खोलीतला फोन बंद पडला, तर मी काय ठिपके मोजत बसू? अशाने नोकरी कशी देऊ?” त्याने ठिपक्यांची पट्टी काढली. नवी पट्टी चिकटवली, पेन उघडलं आणि तो थांबला. “खरंच लिहू, बाई? कोणीही वाचेल.” “वाचू द्या की.” त्याने सावकाश लिहिलं: बाळंतिणींची खोली. पट्ट्यांचं रीळ त्याच्या हाती देत बाई म्हणाल्या, “बाकीच्या उद्या.”

एवढं ऐकून उठाल, घरी फोन लावाल, पलीकडून आपलं माणूस बोलेल. तेव्हा एक करा. जो आजही कुठल्याशा डोंगरावर तार ओढतोय, आणि ती कुठे जाते हे आईलाही सांगू शकत नाही, त्या पोराची क्षणभर आठवण काढा.