पातळ बॅग

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तंबूत राहायला जायचं, म्हणून कुरामोची बायको फुमिएबाईंसह जपानमधल्या असाहिकावा या कडाक्याच्या थंडीच्या शहरातल्या दुकानात स्लीपिंग बॅग घ्यायला आले होते.

"काकूंना थंडी कितपत वाजते?" दुकानातल्या पोरीनं विचारलं.

"हिला? छे! वाजतच नाही," कुरामोची कौतुकानं म्हणाले. "छत्तीस हिवाळे झाले, दारात गुडघाभर बर्फ असला तरी पहाटे माझ्याआधी उठून स्टोव्ह पेटवते. मी उठतो तेव्हा खोली कशी ऊबदार! हिला ही पातळ पुरे."

पोरीनं काकूंकडे पाहिलं.

चोरी कबूल करावी तशा फुमिएबाई म्हणाल्या, "मला जाडच दे गं. थंडी सोसत नाही मला लहानपणापासून."

कुरामोचींची मान खाली गेली. हातातली पातळ बॅग कुठे ठेवावी कळेना.

"आणि यांना त्याहून जाड दे," फुमिएबाई सांगत होत्या, "पहाटे यांची पावलं गार पडतात."