आधी कमी होऊ देत

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत चपटे, विटकरी किडे झाले होते. आमचे हे रोज सकाळी सातला काचेसमोर बसायचे, बारीक नळीने तोंडानं पाणी ओढायचे आणि किडे बादलीत सोडायचे. चहा गार व्हायचा. मी करवादायचे, "कपाटात औषध आणून ठेवलंय ना? मग टाका की एकदाचं!"

"आधी कमी तर होऊ देत," हे म्हणायचे.

हे गेले. दोन नारिंगी मासे मात्र सातच्या ठोक्याला काचेशी येऊन थांबायचे. महिन्याच्या श्राद्धाला माणसं येणार, टाकी स्वच्छ दिसावी, म्हणून आदल्या दिवशी मी बाटलीचं सील फोडलं आणि औषध मोजून ओतलं. तासाभरात किडे गळून पडले. दुपारपर्यंत मासेही उलटे तरंगू लागले.

दुकानदाराला फोन केला. तो हळूच म्हणाला, "काकू, हे किडे मरताना पाण्यात विष सोडतात. म्हणून तर काका आधी नळीने काढत होते."

दुसऱ्या दिवशी सातला मी नळी घेऊन काचेसमोर बसले. नळीच्या टोकाला ह्यांच्या दातांच्या खुणा होत्या. पलीकडून कुणीच आलं नाही.