निरोपाचा शब्द

“त्या मुलीला बाहेर काढा,” बायको म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

कादंबरीकाराने कपाळाला हात लावला. प्रकाशक घाई करत होता, शेवटचं पान तेवढं उरलं होतं, आणि टाइप करणारीच संपावर गेली होती. लग्नापासून त्याच्या सगळ्या भयकथा तिनेच टाइप केल्या होत्या. स्वल्पविराम सोडले तर तिने आजवर कशावर वाद घातला नव्हता.

या कादंबरीत घरच्यांनी अडगळीच्या खोलीत कोंडलेली एक लहान मुलगी होती. ती तिथेच मेली आणि मेल्यावरही आतून दार ठोठावत राहिली. शेवटी घराची नवी मालकीण त्या दारावर फळ्या ठोकते, आणि आतली ठकठक चालूच राहते.

“अगं, भयकथा आहे ही,” तो म्हणाला. “शेवट गोड करायला बालनाट्य आहे का? पुस्तक मिटल्यावर माणसाला दिवा मालवायची भीती वाटली पाहिजे.”

“माणसांचं मला माहीत नाही. तुम्ही गोष्टीत फळ्या ठोकल्यापासून आपल्या अडगळीच्या खोलीत आवाज येतोय.”

“उंदीर असेल.”

“मी ‘कोण आहे’ विचारलं की थांबतो. उंदराला कळतं होय?”

भर दुपार होती. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी वॉशिंग मशीन घरघरत होतं. पॅसेजच्या टोकाला, जुन्या गाद्या आणि सूटकेसा कोंबलेल्या खोलीचं दार आतून हळूच वाजलं. कादंबरीकाराने ते नीट ऐकलं आणि तो उगाच कागद चाळत बसला. आयुष्यभर लोकांना घाबरवून पोट भरलेल्या माणसाला ही कबुली द्यायची लाज वाटत होती.

“माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही,” बायको म्हणाली. “हाच शेवट ठेवणार असाल तर मी ताईकडे राहायला निघाले. तुम्ही राहा इथे दोघं.”

ती खरंच निघेल, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या दारासोबत घरात एकट्याने राहायचं? त्याने हातातले कागद खाली ठेवले.

“बरं बाई, घे लिहून.”

तो सांगू लागला. सुरुवातीला आढेवेढे घेत, मग रंगून. मालकिणीने फळ्या उपटल्या. मुलीला जवळ घेतलं, तिचे गुंतलेले केस विंचरले, हात धरून फाटकापर्यंत पोचवलं. मुलीने वळून पाहिलं. ‘जाते,’ ती म्हणाली, आणि त्या घरात पुन्हा कधीच आली नाही.

बायकोने पदराने डोळे पुसले. पॅसेज शांत झाला होता. दोघांनी कान देऊन ऐकलं. काही नाही.

“शोभला की गं शेवट,” तो म्हणाला. त्याला फार बरं वाटलं. तिच्या खांद्यावरून वाकून त्याने पडद्यावरची शेवटची ओळ वाचली.

‘येते,’ ती म्हणाली.

“हे काय? मी ‘जाते’ सांगितलं होतं. आणि पुढचं वाक्य कुठाय?”

“निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? माझा हातच वळला नाही. लहान पोरीच्या तोंडी कसलं अभद्र घालता? आणि ते ‘पुन्हा कधीच’ही मला बरं दिसेना, म्हणून गाळलं.”

“बदल ते. आत्ताच्या आत्ता बदल.”

त्याच्या पाठीमागे कडी सरकली. बारीक पावलं पॅसेजमधून निघाली, त्या दोघांच्या मागून गेली आणि बाहेरच्या दाराशी थांबली.

“येते,” कुणीतरी हळूच म्हणालं.

कादंबरीकाराने बायकोच्या तोंडावर ठेवायला हात उचलला. पण तोवर ती सवयीने बोलून गेली होती.

“ये हं, बाळा.”