चांदणीची बशी

मेजावर झाकणे दोन होती. बशी एकच उरली होती.

दुसरी बशी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आत्ताच जंतुनाशकाच्या बादलीत उपडी केली होती. तिच्यात तांबडी गायीचे सात भ्रूण होते. तांबडीच्या रक्तात दोष असल्याचा अहवाल आज आला होता. तिची वासरे तीन महिन्यांची झाली की पाय गळून बसतात आणि पुन्हा उठत नाहीत. उरलेल्या बशीत चांदणीचेही सातच भ्रूण होते, सात दिवस प्रयोगशाळेत वाढवलेले. चांदणी परवा गेली. तिच्या वंशाचे आता एवढेच शिल्लक होते, आणि ते पोटात वाढवण्यासाठी तिचा मालक सात गायी घेऊन अंगणात उभा होता.

बाईंची भाची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला गेली आणि थबकली. तिने तळ पाहिला. तळ कोरा होता.

"मावशी, नावं फक्त झाकणांवर आहेत."

नाव तळावरच लिहायचे, हा नियम बाईंनीच घालून दिला होता. झाकण कोणत्याही बशीला बसते. सकाळी पाहणीसाठी दोन्ही बशा एकदमच उघडल्या होत्या. झाकणे परत ठेवताना कोणते कोणत्या बशीवर बसले, ते आता कोणीच सांगू शकले नसते.

"कुणी केला हा गाढवपणा?" बाई कडाडल्या.

"अक्षर तुमचं आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून चूक झाली नव्हती. निदान कोणी दाखवली नव्हती.

"भ्रूण गोठवून ठेवू," भाची हळूच म्हणाली. "तपासणी होऊ दे. त्यांना खरं काय ते सांगू."

"काय सांगू? म्हातारीला बशी ओळखता येईना?"

दार किलकिले झाले. मालकाने डोके आत घातले.

"बाई, आटपलं का? गायी ताटकळल्यात. आमच्या घरात तर वासरांची नावं ठेवून झाली, भांडणंसुद्धा झाली!"

"पाच मिनिटं."

दार लागले. बाईंनी पेन उचलले. बशी अलगद वर धरली आणि तळावर ठसठशीत अक्षरांत लिहिले : चांदणी.

"मावशी, पण ती खरी कोणाची आहे?"

"आता चांदणीची आहे," बाई म्हणाल्या. "पहिली गाय आत घे."