कुणाच्या मागे?

"मागे ठेव," मामा म्हणाला.

"कुणाच्या?" टिल्लीने घोडीवरून विचारलं.

मामाने वळून पाहिलं. खरंच की. मैदानात दुसरा घोडाच नव्हता.

सकाळच्या यादीत पाच घोडे होते. दोघांच्या मालकांनी तबेलेच बंद केल्याचं कळवलं. तिसऱ्याला खोकला झाला. चौथा ट्रकमधून निघाला होता, पण वाटेतच त्याचा सौदा झाला आणि ट्रक भलतीकडे वळला. उरली एकटी टिल्लीची झुळूक. अशा वेळचा नियम सोपा होता. जॉकीने घोडा मैदानावरून न्यायचा, विनिंग पोस्ट ओलांडायची, की तो पहिला.

टिल्लीला हसावं की रडावं कळेना. सहा वर्षं ती जॉकी होती आणि सहा वर्षांत एकदाही पहिली आली नव्हती. तिसरी यायची, चौथी यायची. आईवडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. मामा ट्रेनर. त्याला ना बायको ना पोरं. त्याने भाचीला उचललं ते थेट तबेल्यात आणलं. तेव्हा त्याच्याकडे लोकांचे चौदा घोडे होते, आता तीन. टिल्ली फक्त मामाकडचेच घोडे पळवायची आणि तिला वर चढवताना तो दर वेळी एकच सांगायचा: मागे ठेव. काळ्याचा गुडघा कमजोर होता, पांढऱ्याचं डोकं तापट होतं, झुळुकीचा दम कच्चा होता. काही ना काही असायचंच.

ती निघाली. स्टँडचा अर्धा भाग गाड्या ठेवायला भाड्याने गेला होता. उरलेल्या अर्ध्यात तीसेक माणसं होती, तीही मैदानाकडे पाठ करून. त्यांच्यासमोर टीव्ही होता. टीव्हीवर कुठल्याशा दूरदेशीची शर्यत चालली होती आणि त्यांनी पैसे लावले होते ते त्या शर्यतीवर.

झुळुकीला चालवत नेलं असतं तरी भागलं असतं. पण घोडी रेंगाळणाऱ्यातली नव्हती. पहिल्या वळणावर तिने मान पुढे ताणून लगाम ओढला. टिल्लीने सवयीने आवरला. मग तिलाच प्रश्न पडला, आपण आवरतोय कशासाठी? पुढे कुणाचं शेपूट नव्हतं, बाजूला कुणाच्या टापा नव्हत्या. हातांना काही सुचेना. बोटं आपोआप सैल झाली.

आणि झुळूक सुटली.

टिल्ली वाट बघत होती, आता हिचा दम जाईल, आता जाईल. तो काही जाईना. विनिंग पोस्ट मागे पडली तरी घोडी थांबायला तयार नव्हती.

घड्याळवाल्याने नुसत्या सवयीने बटण दाबलं होतं. त्याने आकडा पाहिला, घड्याळ झटकलं, पुन्हा पाहिला. या अंतराला इतक्या कमी वेळात त्या हंगामात कुणीच आलं नव्हतं.

कौतुक राहिलं बाजूला. दोघांना पंचांच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे तीन खुर्च्या होत्या, पंच एकच उरला होता.

"मुली, तीन वर्षांत ही घोडी अशी एकदाही का नाही पळाली?"

टिल्लीने मामाकडे पाहिलं. मामा आपल्या बुटांकडे बघत होता. मामाने कुणाशी संधान बांधलं होतं की काय? साधे पत्तेसुद्धा न खेळणाऱ्या मामाने?

"मलाच जमत नव्हतं, साहेब," ती म्हणाली.

"खोटं बोलतेय," मामा म्हणाला. "तिला सगळं जमतं. मागे ठेवायला मी सांगायचो. दमबीम काही कच्चा नाही घोडीचा."

"किती पैसे खाल्लेस?"

"एक दमडी नाही."

"मग? जिंकली तर मालक विकून टाकेल म्हणून?"

मामाने खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. पंच त्याला वीस वर्षं ओळखत होता. त्याने सुस्कारा सोडला आणि मामाचं लायसन्स बंद केल्याचं कागदावर लिहिलं. टिल्लीला त्याने जायला सांगितलं. तिच्याकडे बोट दाखवण्यासारखं काही नव्हतं.

दोघं बाहेर आली. बोळाच्या पार टोकाला एक उंच माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. दुसऱ्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या तबेल्याचा ट्रेनर. टिल्लीने त्याचे फोटो पाहिले होते. मघाशी मैदानाच्या कठड्याशी एकटा उभा होता तो हाच.

"आला बघ झुळुकीला न्यायला," ती म्हणाली. तिला आता थोडं थोडं उमगायला लागलं होतं. झुळूक जन्मली त्याच दिवशी तिची आई मेली होती आणि मामाने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. "तिला कुणी नेऊ नये म्हणून मागे ठेवत होतास ना? मला सांगायचं तरी."

मामाने नकारार्थी मान हलवली. टिल्लीचं उमगलेलं पुन्हा विस्कटलं.

"पण मग काळ्याला का मागे ठेवलंस? आणि तो पांढरा? त्याला तर तू उठता-बसता शिव्या घालायचास. तो गेला असता तर तुला काय फरक पडणार होता?"

मामाने तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं, बाहीने पुसलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"घोडी न्यायला आला असता तर तो मालकाकडे गेला असता, बाळा," तो म्हणाला. "इथे येऊन थांबतात ते जॉकीसाठी. तू पहिल्यांदा घोड्यावर बसलीस ना, तेव्हाच मला कळलं होतं की कुणीतरी येणार. मी फक्त सहा वर्षं लांबवलं."